विमानांच्या कसरती टिपायला लेन्स कोणती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न विमानांच्या फोटोंबद्दलचे आहेत. बंगळुरूजवळच्या येलहंक्याचा एरो इंडिया हा विमानांचा मेळा दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत भरतो आणि जानेवारी २०२४ मध्ये वायुसेनेने मुंबईत मरीन ड्राइव्हवर प्रात्यक्षिकं केली. उत्तरांतली उदाहरणं या दोन जागांची घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि सोबत आलेली १८-१४० लेन्स आहे. पुढच्या एरो इंडियाला जायचा बेत आहे. ७०-३०० विकत घेऊ, की २००-५०० किंवा १५०-६०० भाड्याने आणू? दुकानदार म्हणतो, विमानांसाठी ६०० पेक्षा कमी घेऊच नका. (वाचक, सातारा)

उत्तर : पैसे मोजण्याआधी एक हिशेब करा. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला विमानाच्या मीटरमधल्या अंतराने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सच्या नावातला ३००, ४०० असा मिमीचा आकडा; तो मोठा तितकं चित्र जवळचं) भागा. येईल ते उत्तर म्हणजे त्या अंतरावर फ्रेममध्ये मावणारी रुंदी, मीटरमध्ये.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे. विमान ४०० मीटरवरून आडवं जातंय असं धरा. ३०० मिमीला फ्रेममध्ये ३१ मीटर मावतात, ४०० ला साडेतेवीस आणि ६०० ला पावणेसोळाच्या आसपास. आता विमानांची लांबी पाहा. सुखोई-३० जवळपास २२ मीटर, राफेल साधारण सव्वापंधरा, तेजस १३ च्या थोडं वर. म्हणजे ३०० मिमीला सुखोई फ्रेमचा ७० टक्के भाग व्यापतं, ४०० ला काठोकाठ बसतं आणि ६०० ला नाक किंवा शेपूट कापलं जातं. तेजस मात्र ३०० ला लहान वाटेल, फ्रेमच्या ४२ टक्के. तरीही ६००० पिक्सेलांपैकी अडीच हजार पिक्सेल विमानाच्याच वाट्याला येतात. बाजूचं आकाश कापून ए४ आकाराची स्वच्छ प्रत निघायला तेवढे पुरतात.

दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं आहे आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. वायुसेनेच्या सूर्यकिरण या कसरतींच्या चमूची नऊ हॉक विमानं एकत्र येतात तेव्हा २००-५०० लेन्स तिच्या सगळ्यात रुंद टोकालाही ३०० मीटरवर फक्त ३५ मीटर दाखवते. एका हॉकच्या पंखांचा पल्लाच सुमारे १० मीटर आहे. नऊच्या नऊ त्यात मावत नाहीत, मग मागे सोडलेल्या धुराचं तर विचारायलाच नको. १०० मिमीला तेवढ्याच अंतरावर ७० मीटर मिळतात. विमानं थोडी लांब असतानाच चित्र घेतलं तर पुरी मांडणी बसते.

म्हणून तुमच्यासारख्या लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे : १००-४०० या पल्ल्याची लेन्स भाड्याने आणा. सिग्माची आणि टॅमरॉनची, दोन्ही निकॉनच्या एफ माउंटसाठी (लेन्स बसवायच्या जोडणीसाठी) निघालेल्या आहेत. वजन सव्वा किलोच्या आत. निकॉनची २००-५०० तब्बल २.३ किलो भरते. गर्दीत खांद्याला खांदा लागलेला असताना ती तासभर डोक्यावर रोखून धरणं सोपं नाही. अर्ध्या तासात हात थरथरू लागतो आणि मग लेन्स कितीही चांगली असली तरी चित्र हलतं.

विकतच घ्यायची असेल तर एएफ-पी डीएक्स ७०-३०० घ्या. वजन ४१५ ग्रॅम, फोकस चपळ. पण खोक्यावर ‘व्हीआर’ (हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण) ही अक्षरं आहेत ना, ते नीट बघा. याच नावाची व्हीआर नसलेली लेन्सही विकली जायची आणि दोन्ही दिसायला सारख्याच. या लेन्सवर बटणं नाहीत. व्हीआर चालू-बंद करायचं ते कॅमेऱ्याच्या मेनूतून.

जुन्या बाजारात ८०-४०० ची ‘डी’ मालिकेतली निकॉन स्वस्तात मिळते. ती तुमच्यासाठी नाही. तिच्यात फोकसची मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही, म्हणजे प्रत्येक चित्राला हाताने फोकस करावा लागेल. वेगाने जाणाऱ्या विमानावर ते जमत नाही.

एफ/२.८ च्या, म्हणजे मोठ्या ॲपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) महागड्या ७०-२०० चा मोहही टाळा. उघड्या उन्हात एफ/८, १/१६०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० एवढ्यात काम होतं. पार्श्वभूमी पुसट करायलाही तिचा उपयोग नाही, कारण मागे नुसतं आकाश. शिवाय ४०० मिमी आणि एफ/६.३ ला ४०० मीटरवर फोकस केला की पुढचं-मागचं मिळून अडीचशे मीटरहून जास्त अंतर स्पष्ट दिसतं. तिथे लांबी लागते, मोठं ॲपर्चर नाही.

आणि एक, लेन्स तिथे बदलू नका. धावपट्टीजवळ धूळ असते आणि बदलण्यात नेमका क्षण जातो. सगळी विमानं पंख्यासारखी फाकतात तेव्हाचं आकाशभर पसरलेलं चित्र सरळ मोबाइलने घ्या. ते त्यावर छान येतं.

प्रश्न : १५०-६०० लेन्सने उड्डाणाचे फोटो काढले, शटर १/२००० होतं. तरी एकही धारदार नाही. लेन्स खराब आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. फोटो शंभर टक्क्यांवर मोठे करून शेजारी शेजारी लावा आणि मऊपणा कसा आहे ते पाहा, कारण तीन दोषांच्या खुणा वेगळ्या असतात.

एका चित्रात विमानाचं नाक नीट आणि शेपूट पाण्यातून पाहिल्यासारखं, पुढच्याच चित्रात नेमकं उलट, असं असेल तर तो तापलेल्या हवेचा परिणाम आहे. दहा वाजल्यानंतर धावपट्टीचं डांबर आणि काँक्रीट तापतं. जमिनीलगतची गरम हवा उसळत राहते, तिची घनता जागोजागी बदलते आणि प्रकाश वाकडातिकडा येतो. यावर शटरचा वेग, महाग लेन्स, ट्रायपॉड, काहीच चालत नाही. फोकल लेंग्थ वाढवली तर हवेचं हे थरथरणंही तितकंच मोठं होऊन दिसतं. उपाय एकच : चाकं जमिनीवर असतानाचे फोटो सकाळी लवकर घ्या. नंतर विमान धावपट्टी सोडून वर येईपर्यंत बोट आवरा. नजर जमिनीला समांतर असते तेव्हा उकळती हवा सगळ्यात जास्त आड येते. विमान वर चढलं की तोच कॅमेरा स्वच्छ चित्र देतो.

सगळे ठिपके आणि अक्षरं एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असतील तर ती हालचाल आहे. ताशी ७२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २०० मीटर. १/२००० सेकंदात विमान १० सेंटिमीटर सरकतं. ४०० मीटरवर, ४०० मिमीला, २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम ४ मिलिमीटर दाखवतो. म्हणजे कॅमेरा स्थिर धरलात तर चित्र २५ पिक्सेल फासलं जाणार. कॅमेरा विमानाबरोबर फिरवलात आणि वेग ९५ टक्के जुळला, तर हाच डाग सव्वा पिक्सेलवर येतो. शटरपेक्षा पॅनिंगचा, म्हणजे असा कॅमेरा फिरवण्याचा, सराव जास्त कामाला येतो तो यामुळे. पाय खांद्याइतके फाकवा, तोंड जिथे चित्र घ्यायचं त्या दिशेला ठेवा आणि कंबर विमान येणार त्या बाजूला वळवून सुरुवात करा. उलट केलंत तर ऐन क्षणी अंग पिळवटतं आणि झटका बसतो. महामार्गाकडेला धावत्या गाड्यांवर दोन संध्याकाळी सराव करा. लेन्सवरचं स्थिरीकरणाचं बटण मात्र पॅनिंगच्या मोडवर हवं. सिग्मा, टॅमरॉन आणि कॅननवर तो २ क्रमांकाचा असतो, निकॉनवर ‘स्पोर्ट’. नेहमीचा मोड तुमच्या वळण्यालाच थरथर समजतो आणि उलट्या बाजूला ओढतो.

तिसरी शक्यता फोकसची. विमान मऊ, पण पुढचं गवत किंवा मागची झाडं कडक, अशी खूण दिसेल. सतत फोकसचा मोड लावा आणि मधला एक बिंदू किंवा त्याभोवतीचा छोटा गट निवडा. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा धूर पकडतो किंवा कुंपणाची तार. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते लांबच्या टप्प्यावर ठेवा. नाहीतर निळ्या आकाशात बिंदू विमानावरून घसरला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर विमान गेलेलं असतं. विमान येण्याआधीच लांबच्या इमारतीवर फोकस करून ठेवला की हा धोका बराच कमी होतो.

लेन्सपुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एकदा फोटो काढून बघा. लांब लेन्सवर त्याची खोट लगेच दिसते. संरक्षणाला हूड पुरेसं आहे.

प्रश्न : सारंगची हेलिकॉप्टरं टिपली, पण पाती गोठलेली दिसतात, जणू खेळणी दोरीला टांगली आहेत. (वाचक, नागपूर)

उत्तर : जेट विमानांसाठीचं शटर तसंच राहिलं असणार. सारंग हा वायुसेनेचा कसरतींचा चमू ध्रुव हेलिकॉप्टरं उडवतो. वरच्या चक्राला चार पाती, मिनिटाला साधारण ३०० फेरे. म्हणजे सेकंदाला १८०० अंश. १/१००० सेकंदात पातं दोन अंशही फिरत नाही. १/१०० ला ते १८ अंश फिरतं आणि टोक सुंदर पुसट होतं. पूर्ण चकती हवी असेल तर पात्याने ९० अंश फिरायला हवं, म्हणजे १/२० सेकंद. लांब लेन्स हातात धरून ते फार थोड्यांना साधतं.

सुरुवात १/२५० ने करा. पाच-सहा खात्रीची चित्रं हाती आली की १/१६०, मग १/१००. बरीच वाया जातील, म्हणून सलग फटक्यांत घ्या. सी-१३०जे सुपर हर्क्युलिस या मालवाहू विमानासाठीही १/१०० योग्य. त्याच्या पंख्यांना सहा पाती आहेत आणि मिनिटाला १०२० फेरे, म्हणजे एवढ्या वेळात ती ६० अंश फिरून जवळपास पूर्ण वर्तुळ भरतात.

इथे लेन्स निवडीचा एक मुद्दा सहसा सुटतो. भर उन्हात १/१०० वर आणायचं तर आयएसओ १०० ला एफ/१६ लागतं. त्या ॲपर्चरला सेन्सरवरचा धुळीचा एकेक कण निळ्या आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो आणि चित्राची धारही थोडी उतरते. दोन स्टॉपचा (प्रकाश चौथाई करणारा) एनडी फिल्टर लावून एफ/८ वर राहणं उत्तम. मात्र १५०-६०० किंवा २००-५०० ला ९५ मिमीचा किंवा त्याहून मोठा फिल्टर लागतो आणि तो महाग पडतो. सिग्मा १००-४०० ला ६७ चा पुरतो, निकॉनच्या एएफ-पी डीएक्स ७०-३०० ला आणि कॅननच्या ५५-२५० एसटीएमला ५८ चा. हेलिकॉप्टरं आणि पंख्याची विमानं हीच आवड असेल तर या खर्चाचाही विचार करा.

प्रश्न : पोलरायझर आणि १.४ पट टेलिकन्व्हर्टर घेतला तर ४०० ची लेन्स पुरेल का? (वाचक, पनवेल)

उत्तर : दोन्ही नको. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, विमान वळलं की त्याचा परिणाम बदलतो आणि कॉकपिटच्या काचेवर इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. लेन्समागे लावून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरने एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचा फोकस एवढ्या अंधारात अडखळतो किंवा चालतच नाही. आरशाविना असलेल्या (मिररलेस) नव्या कॅमेऱ्यांवर तो चालतो, पण कापून मोठं केलेलं चित्र आणि कन्व्हर्टरचं चित्र यांत दुपारच्या हवेत फरक शोधावा लागतो.

प्रश्न : जुनी १००-४०० मिळतेय. काय तपासू? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कोकणातली लेन्स असेल तर आधी बुरशी. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर घेऊ नका. ती वाढत जाते आणि खोल भिंगांवर असेल तर काढणं खर्चिक असतं. चार-दोन धुळीचे कण असले तर चालतं.

मग ४०० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर समोरासमोर असलेल्या विटांच्या भिंतीचा किंवा इमारतीच्या जाळीचा फोटो घ्या. डावा कोपरा धारदार आणि उजवा मऊ असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे, बहुधा लेन्स पडलेली असते. झूम पुढे-मागे करताना कुठे खरखर किंवा अडखळ लागते का पाहा. सतत फोकसवर ठेवून रस्त्यावरच्या गाड्यांचा दोन-तीन मिनिटं पाठलाग करा. मरायला टेकलेली मोटर थंड असताना नीट चालते आणि गरम झाल्यावर दम सोडते. दुकानातल्या दोन फोटोंत ते कळत नाही.

प्रश्न : मरीन ड्राइव्हवर पुन्हा कार्यक्रम झाला तर कुठली वेळ आणि काय सेटिंग? (वाचक, दादर)

उत्तर : तिथे समुद्र पश्चिमेला आहे. जानेवारीच्या मध्यात पाऊण वाजताच्या सुमारास सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ५० अंशांवर असतो. समुद्राकडे पाहताना तो डावीकडे येतो आणि विमानाच्या बाजूवर ऊन पडतं. तीननंतर तो समोर सरकतो आणि विमानं काळ्या आकृत्या होतात. तेव्हा धुराचे आकार आणि छायाकृतीच घ्या.

पांढुरक्या धुरकट आकाशाने कॅमेरा फसतो आणि विमान काळवंडतं, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ ने वाढवा. सूर्यकिरणच्या विमानांवर पांढरा रंगही आहे. तो फटफटीत होत नाही ना, हे पहिल्या फेरीनंतर हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) बघून घ्या. समोरासमोरून येणारी दोन विमानं एकमेकांना छेदतात तेव्हा एकच विमान फ्रेममध्ये धरा, दुसरा डोळा उघडा ठेवा आणि दुसरं विमान नजरेत येताच बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा. सेकंदाला पाच फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये दोन्ही विमानं मिळून ८० मीटर अंतर कापू शकतात, त्यामुळे अशा वेळी झूम २०० च्या आतच ठेवा.