‘तुझं सत्य तुला, माझं मला’ असं कुणी म्हणालं तर

प्रिय,

सप्रेम सलाम.

रूममेट म्हणाली, ‘तुझं सत्य तुला, माझं मला.’ त्यावर तू बायबलातलं योहान 14:6, ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे येशूचं वचन, काढून दाखवलंस आणि बोलणं तिथंच संपलं. वचन चुकलं नाही, त्याची वेळ चुकली. जी शास्त्रच मानत नाही, तिला शास्त्राचा दाखला देऊन अजून काहीच सिद्ध होत नाही.

पुढच्या वेळी तिला नेमकं काय म्हणायचंय ते आधी विचार. त्या एका वाक्यात बहुधा तीन म्हणणी एकत्र बांधलेली असतात. लोकांच्या नीतीच्या कल्पना वेगवेगळ्या असतात, हे पहिलं. ही नुसती माहिती आहे, खुशाल मान्य कर. म्हणून कुणाचीच कल्पना खरी नसते, हे दुसरं. ते पहिल्यातून निघत नाही. एका गणिताची वर्गात पाच उत्तरं आली, म्हणून बरोबर उत्तरच नाही असं कुणी म्हणत नाही. आणि म्हणून कुणी कुणाला चूक ठरवू नये, हे तिसरं. गंमत म्हणजे हा स्वतःच सगळ्या जगाला लावलेला नीतिनियम आहे. ‘हा नियम तुझ्यापुरता की सगळ्यांना?’ एवढं एकदा विचार, पण ताणू नकोस. हुशार मुलगी म्हणेल, ‘मी नियम सांगतच नाही, माझी आवड सांगते,’ आणि तुझा डाव फसेल. शिवाय शब्दांत पकडलेला माणूस चिडतो, त्याला पटत काही नाही.

तिचं वाचन असेल तर ती प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा दाखला देईल. इराणचा सम्राट दारियस दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं प्रेत खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो कॅलाटी नावाच्या भारतीय टोळीतल्या लोकांना बोलावतो. हे लोक आईबापांची प्रेतं खात. त्यांना विचारतो, किती घेऊन ती जाळाल? ते किंचाळतात, असलं अभद्र बोलू नका. हिरोडोटसचा निष्कर्ष असा, की रूढीच सगळ्यांवर राज्य करते. पण दोन्हीकडचे लोक दुखावले कशानं ते बघ. बापाच्या देहाची विटंबना होईल, या विचारानं. रीत उलटी, पण मेलेल्याचा मान राखायचा हे दोघांनाही कळलेलं. मात्र प्रत्येक मतभेद असा विरघळतो असं म्हणू नकोस. विरघळत नाही, आणि तू तोंडघशी पडशील.

खरं वजन आहे ते सुधारकांच्या उदाहरणात. समाज म्हणेल तेच बरोबर असेल, तर समाजाविरुद्ध उभा राहणारा प्रत्येक सुधारक व्याख्येनंच चूक ठरतो. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकणारे रूढीच्या बाजूचेच होते. ‘त्या काळी ते बरोबर होते’ असं तुझी मैत्रीण म्हणणार नाही. मग रूढीहून वरची कुठली मोजपट्टी ती वापरतेय, एवढंच विचार आणि गप्प बस. जोतीरावांनी 1873 मध्ये काढलेल्या समाजाचं नाव ‘सत्यशोधक’ होतं. प्रत्येकाच्या खिशात आपापलं सत्य असतं तर शोधायचं काय होतं? पण जोतीराव ख्रिस्ती नव्हते, त्यांना आपल्या पंगतीत ओढून बसवू नकोस.

आता शास्त्र. सुरुवात रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायापासून कर. ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही, त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेलं आहे, असं प्रेषित पौल 14-15 या वचनांत सांगतो. म्हणून ‘देव न मानणारा नीतीनं वागूच शकत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ते खोटंही आहे आणि पौलाच्या विरुद्धही. आपण विचारतो ते एवढंच, की हे लिहिलं कुणी?

मग ती प्लेटोचा जुना प्रश्न काढेल: देव सांगतो म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देव सांगतो? पहिलं म्हणालीस तर देव लहरी ठरतो, दुसरं म्हणालीस तर देवाच्याही वर काहीतरी बसतं. ख्रिस्ती परंपरेचं उत्तर तिसरं आहे. चांगुलपणा हा देवाचा स्वभाव आहे आणि आज्ञा त्या स्वभावातून येतात. यावर तत्त्वज्ञांचा वाद चालू आहे, हेही तिला सांग. योहान 14:6 ची जागा इथं, कारण ‘सत्य मीच आहे’ म्हणणारा नियमांची यादी देत नाही, स्वतःला पुढे करतो.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येईल. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला बायबलचा आधार देणारी चर्चं होती. 1982 साली त्याच घराण्यातल्या एका चर्चनं केप टाउनजवळच्या बेल्हार इथं त्याविरुद्ध विश्वासाची कबुली मांडली, ती पुढे 1986 मध्ये स्वीकारली गेली. आपल्याकडेही उपासनेला शेजारी बसून सोयरिकीच्या वेळी जात विचारणारी घरं आहेत. सारवासारव करू नकोस. सत्य वस्तुनिष्ठ आहे याचा अर्थ आपल्याला ते पुरतं कळलंय असा नाही. उलट मोजपट्टी आपल्या बाहेर आहे, म्हणूनच चर्चलाही ‘तू चुकलीस’ म्हणता येतं. आपल्या डोळ्यातलं मुसळ आधी, तिच्यातलं कुसळ मग.

आणि सगळंच एका तागडीत घालू नकोस. काय खावं, कुठला दिवस पाळावा, हे पौल रोमकरांस 14 मध्ये ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडतो. माझ्या मते ख्रिस्ती बाईनं टिकली लावावी का, हा वाद त्याच खणातला. दुसऱ्या देवाचा प्रसाद खावा का, हा तितका सोपा नाही. मूर्तींना वाहिलेल्या अन्नावरचे 1 करिंथ 8 आणि 10 हे अध्याय एकत्र वाचल्याशिवाय मत देऊ नकोस.

येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलातानं त्याला ‘सत्य काय आहे?’ विचारलं आणि उत्तराला न थांबता तो बाहेर गेला. तू प्रश्न विचारशील तेव्हा थांब, मग दोन दिवस लागोत. ‘सत्यशोधक’वर ती काय म्हणाली, ते मला कळव.

तुझा,
काका