अपाचेची पासवर्ड फाइल सांभाळताना

अपाचे या वेब सर्व्हरची एचटीपासडब्ल्यूडी कमांड (वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवणारी) शिकतोयस, तर आधी स्मॉल 'सी' पर्याय नीट समजून घे. तो फक्त पहिल्यांदा, फाइल तयार करताना द्यायचा. दुसरा वापरकर्ता वाढवताना तो चुकून दिला तर जुनी फाइल पुसली जाते, आणि कमांड एका शब्दाने विचारत नाही. माझ्या हातून एकदा ४० जणांची खाती अशीच गेली. बॅकअप नव्हता, एकेकाला फोन करून नवा पासवर्ड द्यावा लागला. म्हणून फाइलला हात लावण्याआधी प्रत काढतोच, तूही काढ.

कॅपिटल 'बी' देऊन बीक्रिप्ट वापर, म्हणजे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याची मजबूत पद्धत. जुन्या क्रिप्ट पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. स्मॉल 'बी' मात्र टाळ. त्यात पासवर्ड कमांडमध्येच लिहावा लागतो आणि शेलच्या हिस्ट्रीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत, राहू शकतो.

फाइल डॉक्युमेंटरूटच्या, म्हणजे वेबवर दिसणाऱ्या फाइलींच्या फोल्डरच्या, बाहेरच ठेव. एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) नसेल तर बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड विचारणारी साधी पद्धत, लावूच नकोस, कारण त्यात पासवर्ड फक्त बेस६४ या सहज उलगडता येणाऱ्या रूपात जातो आणि बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे.

वापरकर्ते हजारांत गेले की साध्या फाइलमध्ये नाव शोधायला वेळ लागतो. तेव्हा डीबीएम (नाव पटकन शोधता येणारी डेटाबेस फाइल) घे, त्यासाठीची एचटीडीबीएम कमांड अपाचेसोबतच मिळते. आणि कोणी काम सोडलं की त्याच दिवशी कॅपिटल 'डी' देऊन नाव काढ.