फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयवर साडेतीन लाखांचं मॉडिफिकेशन केलंय, विकताना ते पैसे निघतील का?

नाही निघणार. साडेतीन लाख तर सोडाच, आहे तशी गाडी बाजारात काढलीत तर स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी ठेवलेल्या पोलोला जो भाव मिळतो त्याच्याही खालून बोली सुरू होईल. मी मुलुंडला जुन्या गाड्यांचाच धंदा करतो, अशा गाड्या कायम येतात, म्हणून स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय 2016 ची 1.2 डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), स्टेज 2 रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं), डाउनपाइप (टर्बोला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप), कॉइलओव्हर (गाडी खाली बसवता येणारं सस्पेन्शन), 17 इंची अलॉय आणि वरून मॅट ग्रे रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म). आता हिचं गिऱ्हाईक कोण ते बघा. बायकापोरांना घेऊन गाडी बघायला आलेला माणूस एक्झॉस्टचा आवाज ऐकला की शेजारच्या गाडीकडे वळतो, विषय संपला. उरला शौकीन. त्याला तुमच्या प्रत्येक पार्टची किंमत पाठ असते, सेकंडहँड कॉइलओव्हर कितीला मिळतात तेही माहीत असतं, आणि तो स्वतःच गाडी पिळून काढणारा असतो त्यामुळे तुम्ही कशी चालवली असेल हे त्याला सांगावं लागत नाही. तो पार्टचे पैसे देत नाही, उलट त्या पार्टमुळे इंजिन-गिअरबॉक्सचं काय झालं असेल याचे पैसे कापतो.

मी स्वतः अशी गाडी आली की बॉनेट नंतर उघडतो, आधी पुढचे टायर. स्टेअरिंग पूर्ण वळवायचं आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं. गाडी खाली बसवून अलाइनमेंट नीट केलेलं नसलं तर बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तार निघालेली असते. मग व्हील आर्चच्या लायनरवर घासल्याचे डाग, मग गाडी वर घेऊन डाउनपाइपचं वेल्डिंग. मग संध्याकाळी मुद्दाम एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये न्यायची आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटवायची. 1.2 मधला डीएसजी म्हणजे डीक्यू200, ड्राय क्लचवाला (क्लच तेलात नसतो), त्याची टॉर्कची मर्यादा 250 न्यूटन मीटर, कंपनीतून इंजिन देतं 175, म्हणजे कागदावर रिमॅपला जागा आहे हे खरंय, पण मुंबईच्या रोजच्या बंपर टू बंपरमध्ये हा क्लच तसाही तापतो, वर रिमॅप म्हटलं की समोरचा जराशी थरथर जाणवली तरी क्लच आणि मेकॅट्रॉनिकचा (गिअरबॉक्स चालवणाऱ्या युनिटचा) खर्च मनातल्या मनात वजा करून मगच बोलायला बसतो. विकण्याआधी स्टॉक मॅप परत टाकलात तरी जाणकार माणूस स्कॅनर लावून इंजिनच्या कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर किती वेळा बदललंय ते बऱ्याचदा काढतो. त्यामुळे लपवू नका, विचारलं तर सांगा आणि ट्यूनरचं बिल दाखवा.

पैशाचं अजून एक. जुनी गाडी लोनवर घेणारे खूप असतात, आणि बँकेचा व्हॅल्युअर मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि कंडिशन बघून आकडा टाकतो, तुमचे कॉइलओव्हर त्याच्या हिशोबात नाहीत. म्हणजे वरचे पैसे गिऱ्हाइकाने खिशातून रोख द्यायचे. कोण देणार?

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद आली. तुमच्या आरसीवर रंग पांढरा आणि गाडी ग्रे, घेणाऱ्याला तिथेच धडकी भरते.

परदेशात सिंगर नावाच्या, जुन्या 911 नव्याने घडवणाऱ्या कंपनीने बदललेली पोर्शे 911 मूळ गाडीच्या कितीतरी पट किमतीला जाते, हे उदाहरण मला दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ऐकवतं. अहो, तिथे नाव विकलं जातं, आपल्याकडे कुर्ल्याच्या गॅरेजमधलं काम कितीही चोख असलं तरी त्याला ते नाव नाही. आणि आपल्याकडच्या खऱ्या दुर्मिळ गाड्यांचं उलटंच आहे, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 भारतात 200 च आल्या, ती शोधणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की स्टॉक आहे का.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. पोलो 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे हात न लावलेली जीटी शोधणारे भरपूर आहेत. म्हणून गाडी आणि पार्ट वेगवेगळे विका. अलॉय आणि कॉइलओव्हर चांगल्या कंडिशनमध्ये असतील तर पोलो-व्हेंटोवाल्या पोरांमध्ये पटकन जातात, निम्मे पैसे आले तरी खूप झालं. मात्र त्यासाठी जुने शॉकअप, स्प्रिंग, चाकं घरात हवीत. डोंबिवलीचा एक मुलगा आला होता, सगळं सामान गॅरेजवाल्याकडेच सोडून दिलेलं, मग तेच पार्ट परत विकत घेत फिरला बिचारा. टायर नवे असतील तर राहू द्या, चांगले ब्रेक पॅडही राहू द्या, त्याला कोणी नाक मुरडत नाही. कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप-फिल्टर) लावला असेल तर तोही काढा, बंपरमागे खाली बसवलेला फिल्टर बघितला की मुंबईतला माणूस लगेच पावसाळ्यात पाणी ओढलं होतं का विचारतो आणि मग तुम्ही नाही म्हणालात तरी त्याचा विश्वास बसत नाही.

रॅप हीटगन लावून हळू काढून घ्या, विशेषतः एखादा पॅनल आधी रंगवलेला असेल तर, तिथला रंग सोलून येतो. आणि सगळ्यात आधी कंपनीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) कुठे आहे ते शोधा, डाउनपाइप बसवताना काढला असेल. तो भंगारात गेला असेल तर नवा बराच महाग पडतो, त्यामुळे त्याची किंमत काढल्याशिवाय गाडीचा भाव कोणाला सांगू नका.