वाचकांचे प्रश्न: कंपनी किती 'ग्रीन' हे मोजतात कसं?

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय, नाशिकला असतो. थोडेफार शेअर्स आहेत. यंदा एका मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल ईमेलवर आला, त्यात बीआरएसआर नावाचा चाळीसेक पानांचा भाग आहे. एमिशन इंटेन्सिटी १२ टक्क्यांनी कमी, पाण्याचा वापर कमी, अपघात कमी, असं बरंच काही लिहिलंय. हे सगळं मोजतं कोण, कसं, आणि आपण त्यावर विश्वास ठेवायचा का?

काका, तुम्ही ती चाळीस पानं उघडून बघितलीत याचंच मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक लोक डिव्हिडंडचं पान बघतात आणि फाइल बंद करतात. मी गेली काही वर्षं प्लांटमध्ये जाऊन हेच आकडे गोळा करायचं आणि तपासायचं काम करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बीआरएसआर म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२१ मध्ये त्याचा फॉरमॅट काढला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्याच्या आधी २०१२ पासून एक साधा रिपोर्ट होता, सुरुवातीला पहिल्या १०० कंपन्यांपुरता, पण त्यात बराचसा मामला 'पॉलिसी आहे का? हो किंवा नाही' असा होता. आता आकडे द्यावे लागतात, मागच्या वर्षाचे शेजारी ठेवून. हा फरक मोठा आहे.

आता मोजणं. लोकांना वाटतं चिमणीला यंत्र लावून कार्बन मोजत असतील. चिमणीवर धूळ, सल्फर वगैरेची यंत्रं असतात, पण कार्बन डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी हिशेबानेच काढतात, म्हणजे किती इंधन जाळलं गुणिले त्या इंधनाचा ठरलेला गुणक. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर संपला की साधारण ४२ किलो. ग्रिडच्या विजेचा गुणक सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटी काढते, तो सध्या युनिटमागे साधारण ०.७ किलो आहे. म्हणजे घरात महिन्याला १५० युनिट जळाले तर शंभरेक किलो तिथेच झाले.

याचे तीन भाग करतात, स्कोप १, २ आणि ३. घराच्याच भाषेत सांगायचं तर तुमची शेगडी आणि तुमची स्कूटर हा स्कोप १, कारण जाळलं तुम्ही. महावितरणचं बिल हा स्कोप २, जाळलं दुसऱ्याने पण तुमच्यासाठी. आणि तुम्ही बसलेली रिक्षा, आणलेला किराणा, दुधाची पिशवी, तुमचा कचरा उचलून नेणारी गाडी, हे सगळं स्कोप ३. बीआरएसआरमध्ये पहिले दोन सक्तीचे आहेत, तिसरा ऐच्छिक, आणि बऱ्याच कंपन्यांचा तिसराच सगळ्यात मोठा असतो, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

स्कोप १ मध्ये नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे एसीचा गॅस. आर-४१०ए नावाचा गॅस सर्रास वापरात आहे, तो एक किलो गळला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान. तो कुठे सापडतो? एसीवाल्याच्या वार्षिक देखभालीच्या (एएमसी) बिलात, 'गॅस टॉप-अप' अशा एका ओळीत, आणि ते बिल अॅडमिनच्या कपाटात असतं, एन्व्हायर्नमेंटवाल्यांकडे कधी पोचतच नाही.

खरा प्रश्न गुणकांचा नाहीच. तो आकडा जिथे जन्माला येतो तिथला आहे. एका प्लांटमधलं सांगतो, नाव नको. बोअरवेलच्या मीटरची काच आतून धुकटलेली, रीडिंग दिसतच नव्हतं, पण रजिस्टर मात्र एकदम टापटीप, रोज ४२ किलोलिटर, सोमवारी ४२, रविवारी प्लांट बंद तरी ४२. ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला, साहेब मीटर मार्चपासून बंद आहे, दोनदा लिहून दिलं, पण रकाना रिकामा ठेवला की ओरडा बसतो. त्याच्यावर चिडावं असं मला अजिबात वाटलं नाही. तो ४२ मग एक्सेलमध्ये जातो, तिथून हेड ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये, इतर प्लांटच्या आकड्यांत मिसळतो आणि शेवटी तुमच्या पीडीएफमध्ये दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांसकट छापून येतो. मीटर बंद पडणं हा काही गुन्हा नाही, पंप किती तास चालला त्यावरून अंदाज काढता येतो, फक्त तो अंदाज आहे असं लिहायला हवं.

आता तुमच्या १२ टक्क्यांकडे येऊ. इंटेन्सिटी म्हणजे उलाढालीच्या दर रुपयामागे उत्सर्जन. समजा मागच्या वर्षी उलाढाल १००० कोटी आणि उत्सर्जन ५०,००० टन, म्हणजे कोटीमागे ५० टन. यंदा उलाढाल १२५० कोटी, उत्सर्जन ५५,००० टन, म्हणजे कोटीमागे ४४ टन. इंटेन्सिटी १२ टक्के कमी झाली, आणि धूर मात्र १० टक्के वाढला. दोन्ही वाक्यं खरी आहेत, अहवालाच्या पहिल्या पानावर कुठलं येतं ते तुम्ही बघितलंच. त्यात आणखी असं की उलाढाल नुसत्या भाववाढीने वाढली असेल, माल तेवढाच काढून महाग विकला असेल, तर कोणी एक दिवाही न विझवता इंटेन्सिटी खाली येते. म्हणून आधी एकूण टन बघा, दोन्ही वर्षांचे. मग 'दर टन उत्पादनामागे' अशी ओळ असते ती बघा. बीआरएसआर कोअरमध्ये, म्हणजे बाहेरून तपासून घ्यायच्या निवडक आकड्यांत, ती मागितलेली आहे, रुपयापेक्षा ती मला जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरं, बाउंड्री. अगदी सुरुवातीच्या भागात लिहिलेलं असतं की आकडे एकट्या कंपनीचे आहेत की सगळ्या उपकंपन्या (सबसिडिअरी) धरून. मागच्या वर्षी आणि यंदा तेच धरलंय ना, बघा. आणि स्कोप ३ ची गोष्ट इथे येते. कंपनीने पेंट शॉप बंद करून ते काम बाहेर दिलं तर तिथली भट्टी, तिथला सॉल्व्हंट, तिथलं डिझेल सगळं कंपनीच्या स्कोप १ आणि २ मधून गायब होतं. भट्टी मात्र रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये पेटलेलीच असते, आणि स्कोप ३ ऐच्छिक असल्यामुळे ती कुठेच दिसली नाही तरी नियमात बसतं. मला या सगळ्या पद्धतीतली ही सगळ्यात मोठी फट वाटते.

अपघातांचा आकडाही असाच बघा. एलटीआयएफआर म्हणजे दर दहा लाख कामाच्या तासांमागे किती दुखापती अशा झाल्या की माणूस कामावर येऊ शकला नाही. आता या 'येऊ शकला नाही' मध्येच मेख आहे. मी एका ठिकाणी बघितलंय, हाताला प्लॅस्टर घातलेलं पोरगं टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवलेलं, कामधाम काही नाही, का तर हजेरी लागली म्हणजे दिवस बुडाला नाही, दिवस बुडाला नाही म्हणजे आकड्यात धरायचं नाही. कंत्राटी कामगारही त्यात धरायचे असतात, फॉरमॅटमध्येच तसं म्हटलंय. आकडा शून्य आणि कंत्राटी कामगार हजारोंनी, असं दिसलं तर कंपनीच्या वार्षिक सभेत (एजीएम) जरूर प्रश्न विचारा, तुम्हाला तो हक्क आहे.

तपासतं कोण? जुलै २०२३ मध्ये सेबीने बीआरएसआर कोअर आणलं, म्हणजे कार्बन, पाणी, ऊर्जा, कचरा, सेफ्टी, महिलांचं प्रमाण अशा नऊ विषयांचे निवडक आकडे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला हजार. नंतर अॅश्युरन्स (बाहेरच्या संस्थेने तपासून आकड्यांची खात्री देणं) किंवा असेसमेंट (ठरलेल्या निकषांवर मूल्यमापन) यातला एक पर्याय दिला गेला. अहवालाच्या शेवटी त्या संस्थेचं पत्र असतं ते वाचा. 'रीझनेबल' लिहिलं असेल तर तपासणी खोलात गेलेली, 'लिमिटेड' असेल तर वरवरची. आणि त्या पत्रात कुठल्या प्लांटला प्रत्यक्ष भेट दिली याची यादी असेल तर ती सगळ्यात आधी वाचा.

रेटिंग आणि अवॉर्डच्या चिन्हांवर मात्र फार जाऊ नका. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनला डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्सने वाहन उद्योगात अव्वल ठरवलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की त्यांच्या डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर आहे जे टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. रस्त्यावर त्यातल्या काहींचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत होते. ऑक्टोबरमध्ये कंपनीला इंडेक्समधून काढलं. अशा रेटिंगचा मोठा आधार कंपनीने स्वतः भरलेली प्रश्नावली असते.

तर विश्वास ठेवायचा का? एकूण टन दिलेत, बाउंड्री तीच आहे, तपासणीचं पत्र रीझनेबल आहे आणि मागच्या वर्षीचा एखादा आकडा 'दुरुस्त केला' अशी तळटीप आहे, तर मी ठेवतो. तळटीप बघून लोक दचकतात. मला उलट तिथेच वाटतं की या कंपनीत कोणीतरी खरंच मीटर बघायला गेलं होतं.

प्रश्न : भोसरीला आमचं ३५ माणसांचं मशीन शॉप आहे, मी अकाउंट्स बघते. आम्ही ज्या मोठ्या कंपनीला पार्ट देतो त्यांनी ईएसजीची (पर्यावरण, समाज आणि कारभार) मोठ्ठी एक्सेल शीट पाठवलीय, आठ दिवसांत भरा म्हणतात. आम्हाला हे कायद्याने बंधनकारक आहे का? आणि भरायचं काय?

ताई, घाबरू नका. सेबीचा नियम तुमच्यावर थेट नाही, तो लिस्टेड कंपनीवर आहे. व्हॅल्यू चेनची, म्हणजे माल पुरवणाऱ्या आणि घेणाऱ्यांची, माहिती द्यायची अपेक्षा पहिल्या २५० कंपन्यांकडून आहे, तीसुद्धा मार्च २०२५ च्या सर्क्युलरने ऐच्छिक केलीय, आणि त्यातही ज्यांचा खरेदीत किंवा विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे असेच व्हेंडर येतात. तुम्ही त्यात बसता का हे आधी त्यांच्या पर्चेसवाल्यांना ईमेलवर विचारा. पण ऑर्डर त्यांच्याकडून येते, त्यामुळे नाही म्हणणं सोपं नाही हे मला कळतं.

शीटमधले निम्मे कॉलम तुम्हाला लागूच नसतील. तुमच्याकडे खरं असतं ते एवढंच: महावितरणची एप्रिल ते मार्च बारा बिलं, त्यातले युनिट, रुपये नव्हेत. जनरेटरचं डिझेल, पंपावरच्या बिलांवरून. फोर्कलिफ्टचं डिझेल. ब्रेझिंग, कँटीनचे सिलिंडर. पाण्याचं बिल, आणि टँकर मागवत असाल तर त्याच्या पावत्या. लोखंडी चिप्सचं भंगार, वजनकाट्याच्या पावतीवर असतं ते. वापरलेलं तेल आणि कूलंट मात्र वेगळं, ते घातक कचऱ्यात येतं, ते त्यासाठी परवानगी असलेल्या संस्थेलाच द्यायचं आणि मॅनिफेस्टची, म्हणजे कुठला कचरा किती गेला या कागदाची, त्यांच्या सहीची प्रत जपून ठेवायची, भंगारवाल्याला ड्रमसकट देऊन टाकलं असेल तर ही सवय आजपासून मोडा, शीटसाठी नाही, तर ते तेल शेवटी नाल्यात जातं म्हणून. बाकी पगार, पीएफ, अपघात रजिस्टर तुमच्याकडे आहेच.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. शून्य आणि माहीत नाही या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याला मीटर नसेल तर शून्य टाकू नका, 'मीटर नाही, टँकरवरून अंदाज' असं रिमार्कमध्ये लिहा. आणि मागच्या वर्षीचा आकडा ५ टक्के कमी करून टाकू नका, मला माहितीय बाजूच्या शेडवाले तसं सांगतील, पण पुढे कधी कंपनीचा ऑडिटर आला तर तो बिलं मागतो. बारा बिलांचं पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी एका दिवसात काम होईल. आणि कार्बनचा गुणाकार तुम्ही करू नका, युनिट आणि लिटर द्या, हिशेब त्यांना करू दे, नाहीतर प्रत्येक व्हेंडर वेगळा गुणक लावतो आणि सगळा घोळ होतो.

प्रश्न : आमचं गाव मराठवाड्यात, शेजारी एका मोठ्या कंपनीचा प्लांट आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटतात. कंपनीच्या अहवालात 'वॉटर पॉझिटिव्ह', म्हणजे वापरतो त्यापेक्षा जास्त पाणी परत देतो, असं लिहिलंय. आमच्या गावचं पाणी किती घेतलं हे कुठे कळेल?

मुख्य आकड्यात नाही कळणार, तो देशभरातल्या सगळ्या प्लांटचा मिळून असतो, आणि दुसऱ्या राज्यात बांधलेल्या बंधाऱ्याने तुमच्या विहिरीला पाणी येत नाही. बीआरएसआरमध्ये पाणीटंचाईच्या भागातल्या प्लांटची वेगवेगळी माहिती द्यायचा तक्ता आहे, पण तो ऐच्छिक भागात आहे, दिलाय का बघा. नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. प्लांट चालवायला मंडळ जे संमतिपत्र देतं त्यात रोज किती पाणी वापरायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं आणि ही संमतिपत्रं मंडळाच्या वेबसाइटवर टाकतात. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत अशी संमती लागणाऱ्या प्रत्येक प्लांटला पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५ मंडळाला द्यावा लागतो, त्यात त्या एकाच प्लांटचा पाण्याचा वापर असतो, तो माहिती अधिकारात मागा.

अजून एक. बीआरएसआरच्या पहिल्या भागात तक्रारींचा तक्ता असतो, त्यात 'समुदाय' अशी ओळ असते, वर्षात किती आल्या आणि किती बाकी. बऱ्याच कंपन्यांच्या त्या ओळीत शून्य असतं, आणि बरेचदा ते खोटं नसतं, कारण गावाने गेटवर जाऊन तोंडीच सांगितलेलं असतं. ग्रामपंचायतीचा ठराव करा, विहिरींची पातळी महिन्यावार लिहा, तक्रार लेखी द्या आणि पोचवर तारखेचा शिक्का मारून घ्या. ३१ मार्चच्या आत दिलीत तर ती त्याच वर्षाच्या तक्त्यात यायला हवी, नाही आली तर अहवालाचं ते पान आणि तुमची पोच जोडून सेबीकडे आणि अॅश्युरन्स देणाऱ्या संस्थेकडे पाठवा, तिचं नाव शेवटच्या पत्रावर असतं.