मॅनेजर बदलला म्हणून पेढे वाटू नकोस

शिकागोत येऊन तुला वर्षही झालं नाही आणि कब्सचा, म्हणजे आपल्या बेसबॉल संघाचा, मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) हाकलायला निघालास? थांब जरा. नोव्हेंबर 2023 मध्ये आम्हीही असेच उड्या मारत होतो. तेव्हाचा मॅनेजर डेव्हिड रॉसला काढलं आणि थेट आपल्याच गटातल्या मिलवॉकी ब्रूअर्स संघाचा मॅनेजर क्रेग काउन्सेल उचलला, 5 वर्षांसाठी 4 कोटी डॉलर देऊन. शेजारच्या घरातली दुभती म्हैसच आणली म्हण ना! रॉसच्या शेवटच्या हंगामात 83 विजय, 79 पराभव. काउन्सेलच्या पहिल्या हंगामात? 83 आणि 79. तिकडे ब्रूअर्सनी त्याच्याच हाताखालच्या पॅट मर्फीला बसवलं, आणि त्याने 93 सामने जिंकून डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, खिशात घातली. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तेव्हा हिवाळ्यात, हंगाम संपल्यावर, आधी संघाची 40 खेळाडूंची यादी उघड. यादी भरलेली असताना नवा माणूस घ्यायचा तर कुणाला तरी जागा रिकामी करावी लागते, हे ओरडणारे विसरतात. करारात रकमेआधी वर्षं बघ, आणि मध्येच बाहेर पडायची मुभा कुणाला आहे तेही. डिसेंबर 2024 मध्ये अदलाबदलीत काइल टकर हा खेळाडू कब्सकडे आला तेव्हा तो मोकळा व्हायला एकच हंगाम उरला होता. बदल्यात गेलेल्या तिघांत कॅम स्मिथ होता, त्याच उन्हाळ्यात नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा. सौदा महाग होता, पण मी तरी केला असता.

आणि हो, डिसेंबरात काही घडलं नाही म्हणून रडू नकोस. 2024 मध्ये कब्सच्या कोडी बेलिंजरची नव्या करारावर सही फेब्रुवारी संपता संपता झाली होती.