आमच्या आडनावाचे मूळ डीएनए चाचणीतून कळेल का?

तुमचे आडनाव नंदगडकर, तीन पिढ्यांचे वास्तव्य निपाणीत, आणि घरातली वडीलधारी मंडळी मूळ कोकणातले असल्याचे सांगतात. तेव्हा लाळेचा नमुना पाठवून हे मूळ कळेल का, असे तुम्ही विचारले आहे. आडनावाचे मूळ त्यातून कळणार नाही. रक्ताचे नाते थोडेफार कळेल, पण तेही समोर ताडून पाहायला दुसरे घर असेल तरच.

‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. खानापूर तालुक्यातल्या नंदगडमध्ये राहणाऱ्याला शेजारी नंदगडकर कशाला म्हणतील? त्यामुळे नंदगडच्या जुन्या कागदांत हे आडनाव शोधत बसू नका. तिथे तुमचे पूर्वज पाटील, गुरव किंवा आणखी कोणत्या उपनावाने असतील, अथवा नुसतेच ‘रामजी बिन बाळोजी’ असतील. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मुंबई इलाख्यातल्या कागदांत ही रीत सर्रास दिसते आणि बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडेच होता. म्हणून आडनावाऐवजी बाप-लेकांच्या नावांची जोडी धरून शोध घ्यावा. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि एका वाचनावर विसंबू नये, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही.

आपल्या भागात याहून मोठा आधार हेळव्याचा आहे. सुगी झाली की बैल घेऊन दारात येणारा, धान्य घेऊन घराण्याची वंशावळ म्हणणारा हेळवी निपाणी-चिकोडीकडे अनेकांनी पाहिलेला असतो, पण त्याला थांबवून प्रश्न विचारणारे थोडे. त्याची घरे पिढीजात ठरलेली असतात आणि मूळ गाव, कुळदैवत, फुटलेल्या शाखा हे सारे त्याच्या वहीत असते. (अर्थात दक्षिणा देणाऱ्या घराला तो जरा थोर कूळही बहाल करतो, हे ध्यानात ठेवावे.) कुळदैवताचीही चौकशी करा: ते मंगसुळीचा खंडोबा किंवा सौंदत्तीची यल्लम्मा असे बेळगावकडचेच दैवत असेल, तर कोकणची कथा जरा तपासून घ्यावी लागेल.

आता चाचणीविषयी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, म्हणून दोन घरांची पुरुषपरंपरा एक आहे का, एवढ्याच प्रश्नाला ते उपयोगी. आमच्या बाबतीत मी आणि आमच्या भाऊकीतल्या एका गृहस्थांनी ही चाचणी केली. आडनाव एक, देवक एक, आणि निकाल अजिबात जुळला नाही. घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. पुढे हेळव्याने वही उघडली, तेव्हा माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे ‘दत्तक’ हा शब्द आणि त्यांच्या जन्मदात्यांचे गाव निघाले. त्यांना बहिणीच्या घरातून घेतले होते. आडनाव दत्तकाबरोबर आले, गुणसूत्र आले नाही.

आई-वडील दोघांकडचा वारसा पाहणाऱ्या ऑटोसोमल चाचणीचा निकाल आपल्याकडे आणखी जपून वाचावा. एरवी खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांच्या दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत डीएनएचा सामाईक तुकडा सापडतच नाही. उलट आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे लांबचे नाते जवळचे भासते. ‘तिसऱ्या पिढीतले चुलत’ असे कंपनीने कळवले, तरी ते प्रत्यक्षात पाचव्या-सहाव्या पिढीतलेही असू शकतात.

तेव्हा आधी पणजोबांपर्यंतची नावे लिहून काढा, उताऱ्यावरच्या आणि शाळेच्या रजिस्टरातल्या नावांशी ती ताडून पाहा आणि हेळव्याला गाठा. कोकणात किंवा नंदगडात आपले म्हणावे असे एखादे घर हाती लागले, तर त्या घरातल्या एका पुरुषाची आणि तुमची वाय चाचणी करा. तोवर पैसे खर्च करू नका.