मोडका स्ट्रायकर तुम्हाला वाचवणार नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाकडे वडिलांची मार्टिनी-हेन्री ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल आहे. परवाना वडिलांच्या नावे होता. ते २०१९ मध्ये वारले, तेव्हापासून रायफल ट्रंकेत पडून आहे. स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आघात करणारी पिन, हरवल्यामुळे बार उडत नाही आणि अॅक्शनवर (बार उडवणाऱ्या यंत्रणेवर) ताज, ‘व्ही. आर.’ (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) आणि १८८१ हे साल आहे. त्यामुळे पुरातन वस्तू म्हणून ती परवान्याविना ठेवता येईल का, आणि दुरुस्त करून नेमबाजीच्या रेंजवर चालवता येईल का, असं ते विचारतात. अशी पत्रं बरीच येतात. बदलते फक्त बंदूक.

तुमचं सगळं प्रकरण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधल्या तीन शब्दांवर अडतं: ‘दुरुस्तीने किंवा दुरुस्तीविना’. जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण ते कोणत्याही मार्गाने बार काढण्यालायक नसेल तरच. मार्टिनीच्या ब्लॉकमधला स्ट्रायकर म्हणजे एक पिन आणि तिची स्प्रिंग. चांगला लेथवाला ती बनवून देईल आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा तज्ज्ञ नेमकं तेच लिहील. नळी शाबूत, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) शाबूत, तर या कलमाखाली सूट नाही. या कलमात वयाचा संबंध नाही. म्हणून आता स्वतः नळी बुजवायलाही जाऊ नका; परवान्याविना दुरुस्ती आणि फेरफार यांना कलम ५ ची आडकाठी आहे.

सूट नाही म्हटल्यावर कलम २१ लागू होतं. ताबा बेकायदा झाला की हत्यार विनाविलंब जमा करायचं असतं. वडिलांचा मृत्यू झाला त्याच महिन्यात जे काम एका अर्जाने झालं असतं, ते तुम्ही ट्रंकेत ठेवून दिलंत. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कलम २५ खाली किमान दोन वर्षं कैद आहे, कमाल पाच. मात्र कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना ताब्याच्या, गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पोलिसांनी शोधण्याआधी तुम्ही स्वतः कळवलंत, हे कागदावर असणं म्हणूनच मोलाचं.

रायफल गाडीत टाकून ठाण्यात नेऊ नका. आधी दोन प्रतींत अर्ज द्या: मृत्यूचा दाखला, जुना परवाना, रायफलचा मेक, क्रमांक, स्ट्रायकर नाही ही नोंद. घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्या, अशी विनंती त्यातच लिहा. खुणांचे फोटो काढून ठेवा, नळीला तेल लावा. मुद्देमाल खोलीत गंज चढतो. पोचपावतीवर क्रमांक आहे का, ते तिथेच तपासा.

त्याच आठवड्यात २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली वारस म्हणून अर्ज करा, बाकी वारसांची संमतीपत्रं जोडून. थांबलात तर मुदत संपून जमा हत्यार कलम २१ खाली सरकारजमा होतं. तुमच्या नावावर आणखी दोन हत्यारं असतील तर ही तिसरी मिळणार नाही. वारशालाही दोनचीच मर्यादा आहे.

कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, मात्र मला पत्रावरून ठरवता येत नाही. मूळ .५७७/४५० ची नळी सुमारे ११.४ मिलिमीटरची. .४१० मस्केटची १०.४ च्या आसपास, आणि ती प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या प्रतिबंधित मापांत) मोडते. मग परवाना जिल्ह्यातून नाही, केंद्रीय गृहमंत्रालयाकडून. .३०३ मध्ये बदललेली मार्टिनी बोल्टची (हाताने खिट्टी मागे-पुढे करायच्या पद्धतीची) नसल्याने ती प्रतिबंधित नाही, असा वाद घालता येईल, टिकेलच असं म्हणणार नाही. चेंबर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून तपासून घ्या, पण जमा केल्यानंतर, पोलिसांच्या परवानगीने.

रेंजचं स्वप्न सध्या सोडा. मूळ काडतुसात ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी असे. तिच्या जागी धूररहित दारू भरून बघणं म्हणजे गालाशेजारी लोखंड फुटण्याचा धोका. घरी काडतुसं भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, त्यालाही कलम ५ चा परवाना लागतो. वारसाचा अर्ज नामंजूर झाला तर मुदतीच्या आत रायफल परवानाधारकाला विका.